कमरेला बांधलेला श्वास
पालापाचोळा जळल्याचा वास आला की मला सासरची पहिली भाजावळ आठवते. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात, भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही बायका शेण-पाचोळा जाळत होतो. वारा फिरला, धूर अंगावर आला आणि माहेरच्यांनी लपवलेला माझा दमा उसळला. बायका मला आडवं करायला धावल्या. मी हातानेच नको म्हटलं, धुरापासून लांब बांधावर ताठ बसले आणि कमरेच्या बटव्यातून पंप काढून पदराआड धरला. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तो हलवला, श्वास पूर्ण सोडला, पंप ओठांत घट्ट धरला, दाबतानाच हळूहळू श्वास आत ओढला आणि रोखून धरला. थोडं थांबून पुन्हा एकदा. छातीतली शिट्टी विरत गेली. "दमेकरी सून गळ्यात मारली गो तुझ्या," शेजारीण सासूबाईंना म्हणाली. मी मान खाली घातली. सासूबाई माझा पदर नीट करत म्हणाल्या, "मारली तर मारली! आपला श्वास कमरेला बांधून फिरते माझी सून. कुणाच्या तोंडाकडं बघत नाय." आता माझी साठी उलटली, पंपही बदलले, पण त्या दिवसानंतर एकही मी पदराआड धरला नाही.