मोकळा तुकडा

पहाटे साडेपाचला मी पिशवी भरत होतो, तेव्हा माझी बायको कुमुद आतून बाहेर आली ती थेट हिरवी इरकल नेसून, वेणीबिणी घालून. हातात माझा डबा. मी म्हटलं, "दूधवाल्याकडून पिशवी घ्यायला एवढा थाट?" ती हसली आणि डबा पिशवीत ठेवून म्हणाली, "चटणी सांडेल, उभा धरा." मी जिना उतरलो. सहाची बारामतीची एसटी गाठायची होती.

निघालो होतो घोंगडी आणायला. वडिलांकडे जावळाची घोंगडी होती (जावळ म्हणजे कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, अगदी मऊ). ते गेल्यावर ती थोरल्या भावाच्या वाट्याला गेली आणि तेव्हापासून माझी थंडी काही कशानं जाईना. घरात तीन ब्लँकेटं होती. ती पुरत नव्हती असं नाही, पण भावाकडची ती घोंगडी डोक्यातून जात नव्हती. शेवटी ऑफिसातला दत्ता म्हणाला, "इंदापूरच्या अलीकडं माझं मामा असत्यात. दिवाळीनंतर त्यांच्या रानात मेंढरं बसत्यात. तितं मिळंल जावळ." नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. पुण्यात घरोघरी केबल येत होती आणि मी घोंगडीमागे धावत होतो.

बारामतीला गाडी बदलली. स्टँडवर चहा घेतला, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. मी कुरकुरलो तर चहावाला म्हणाला, "साखरंच्या गावात आलाय, सायेब. फिका चहा मागितला तर गाव नाव ठेवंल." पुढची गाडी एमआयडीसीवरून निघाली. पाळी सुटली असावी, मोटारसायकलींचा थवा समोरून आला आणि गेला. मग दोन्ही अंगांनी ऊस. तुरे नुकते डोकावत होते. जंक्शन आलं (गावाचं नावच जंक्शन, रेल्वेचा पत्ता नाही), तिथे वालचंदनगरची माणसं उतरली आणि मला खिडकीशी जागा मिळाली. खिडकी मिळाली की मला झोप लागते. डोळे उघडले ते इंदापूरच्या स्टँडवर. मला उतरायचं होतं ते गाव केव्हाच मागे पडलं होतं.

इंदापुरात तहसील कचेरीसमोर उभ्याउभ्या कांदाभजी खाल्ली आणि वडापच्या जीपमध्ये (माणसं कोंबून नेणारी खासगी गाडी) स्वतःला कोंबून घेतलं. पत्ता सांगितल्यावर ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "मोकळ्या तुकड्याचं तात्या व्हय?"

"मोकळा तुकडा म्हणजे?"

"बगालच की. सोन्यासारखं रान, उशाला पाटाचं पानी, आन् गड्यानं पाच वर्सं कायबी केलं न्हाय त्यात. ऊस न्हाय, भुसार न्हाय. मोकळं!"

खरंच तसं होतं. चहूकडे उसाची भिंत आणि मधे अर्ध्या एकराचा तो भुईसपाट चौकोन. त्याला लागून तात्यांचं स्लॅबचं घर. तात्या, म्हणजे दत्ताचे मामा, साठीचे, उंच, डोक्याला तांबडा पटका. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ते मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे आणि पावसाआधी परत यायचे. मग कळप धाकट्या भावाच्या हवाली केला, पाटाचं पाणी आलेल्या रानात ऊस लावला, घर बांधलं.

त्यांची बायको ठकूबाई दारातच होती. तिनं माझ्या मागे पाहिलं. "बाईसायब न्हाय आल्या?"

"तिला धूळ, गर्दी सोसत नाही," मी म्हणालो.

"आसं म्हनाल्या व्हय त्या?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. कुमुद असं कधी म्हणाली होती, ते मला आठवेना.

स्वयंपाकघर पाहून मला हसू आलं. मांडणी चकचकीत, पण रिकामी. सगळी भांडी जमिनीवर एकात एक घालून, घोंगडीच्या तुकड्यावर, दोरीशेजारी. ठकूबाई म्हणाली, "वीस वर्सं घोड्यावर बिऱ्हाड लादलं, सायेब. हात ऐकत न्हाईत. अजून वाटतं, सकाळी उठून निगायचंय." जेवायला बाजरीची भाकरी, उडदाचं घुटं आणि मिरचीचा खर्डा. मी तिसऱ्या भाकरीला नको म्हणालो, ती ताटात पडलीच.

दुपारी तात्यांनी मोकळ्या तुकड्यात चार कोपऱ्यांना खुंट ठोकले आणि त्यांना वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) बांधली. आज भाऊ कळप घेऊन येणार होता. तीन दिवस मेंढरं इथे बसणार, मग कोकणची वाट धरणार. रानात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत होतं, म्हणून शेतकरी धान्य देऊन कळप बसवून घेतात, हे मला ठाऊक होतं.

"पण तात्या, या तुकड्यात तुम्ही काही पेरतच नाही. मग खत कशाला?"

तात्या खुंट ठोकायचे थांबले. माझ्याकडे बघितलं, मग उसाकडे. "स्लॅबखाली झोप लागत न्हाय मला. वरसातनं तीन दीस लागती. हितं, त्यांच्यात." एवढं बोलून त्यांनी पुन्हा दगड उचलला. मला फार वाईट वाटलं, आणि आपण उगीच विचारलं असंही वाटलं.

ऊन कलताना धुळीचा लोट आला. आधी घोडा, त्यावर बिऱ्हाड आणि वर बांधलेली कोंबडी. मग मेंढरं, आणि मागे तात्यांचा धाकटा भाऊ सोपान आणि त्याची बायको सरू, पाठीशी झोळीत लेकरू. तात्या कळपात शिरले. एकेका मेंढीच्या पाठीत बोटं खुपसून पुढे जात होते. चेहरा असा उजळला होता की मी घोंगडीचं विचारायचं विसरलो.

चहा झाला तसा सोपान मान खाली घालून म्हणाला, "तात्या, उद्या यापारी येतोय. समदी मेंढरं देऊन टाकावी म्हंतो. हितंच कुटंतरी बसावं. तुमी न्हाय म्हनला तर न्हाय देनार."

तात्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. कळप गेला की ते तीन दिवसही गेले. त्यांनी एक शब्द काढला असता तरी भाऊ तीन दिवसांनी मुकाट्यानं कोकणची वाट धरणार होता.

"बापजाद्याचं धन हाय," तात्या म्हणाले. "रानात काय कमी सुख हाय का? वारं, चांदनं, कुनाचं बांदलेपन न्हाय. मी हितं कोंडलोय, मला इचार!"

"तुमाला काय इचारायचं?" ठकूबाई चुलीपासून उठून आली. "तुमाला चांदनं आठवतं, मला काटं आठवत्यात. घाटात पाऊस लागला आन् थोरली पोर माज्या कुशीत थंडीनं निळी पडली, ती रात आठवती. रोज सांजला दाराची कडी लावते तवा ती रात आठवती, म्हून ह्या घरात मी सुखात हाय. तुमी इसरला. चालनारीला इचारलंय का कुनी? सरूला इचारा."

सरू कुठे आहे म्हणून सगळ्यांनी पाहिलं. ती लेकराला कडेवर घेऊन दारापाशी उभी होती आणि कडी वर करत होती, खाली करत होती. आवाज झाला की लेकरू खिदळायचं. ती पुन्हा कडी वर करायची.

तात्या उठले. धाकट्या भावजयीशी ते कधी समोरासमोर बोलत नसावेत, कारण तिनं गडबडीनं पदर पुढे ओढला. जमिनीकडे बघत तात्यांनी विचारलं, "सरूबाई, तुला काय पायजे?"

तिनं कडीवर हात ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "आशी एक कडी, दाजी. आतनं लावायची."

तात्या तडक कळपाकडे निघून गेले. त्या रात्री ते घरात आले नाहीत.

सकाळी व्यापारी येऊन गेला. मेंढरं दृष्टीआड होईपर्यंत तात्या उभे होते. डोळे पुसले ते पटक्याच्या टोकानं, लपवलं नाही. सोपाननं वाघर गुंडाळली आणि खुंट उपटायला हात घातला तसे तात्या ओरडले, "ऱ्हाऊ दे! उपटू नगंस. त्यो तुज्या घराचा कोपरा हाय."

सोपानला कळायला वेळ लागला. चार खुंट, मधला मोकळा तुकडा. सरूला मात्र लगेच कळलं. ती घोड्यावरचं बिऱ्हाड सोडायला लागली.

"आन् मी आता कुटं झोपू गं?" तात्यांनी बायकोला विचारलं.

"त्यांच्या अंगनात," ठकूबाई म्हणाली. "पर कडी वाजली की उठायचं. च्या हितंच हाय."

जावळाची एक घोंगडी त्यांच्याकडे होती. तात्यांनी ती माझ्यापुढे ठेवलीसुद्धा. मी हात फिरवला. वडिलांची होती तशीच. मग मीच ती उचलून सरूच्या बिऱ्हाडावर ठेवली. मोठेपणा म्हणून नव्हे, मला ती घेववेना. निघताना ठकूबाईनं फडक्यात दोन भाकरी आणि खर्डा बांधून दिला. "बाईसायबास्नी द्या. आन् इचारा त्यास्नी."

परतीच्या गाडीत खिडकी मिळूनही झोप लागली नाही. दौंड, पन्हाळा, गाणगापूर, मी एकटाच कुठे कुठे हिंडलो होतो. लग्नाच्या चोवीस वर्षांत दर वेळी डबा मिळाला होता, चटणी कधी सांडली नव्हती.

संध्याकाळी कुमुदनं दार उघडलं. माझे रिकामे हात बघितले. "घोंगडी?"

"दिली नाही. म्हणजे, घेतली नाही." मी भाकरीचं फडकं तिच्या हातात दिलं. चप्पल न काढताच विचारलं, "कुमुद, काल तुला यायचं होतं का गं?"

तिनं फडक्याची गाठ सोडली. भाकरीचा वास घेतला. वर न बघता म्हणाली, "मग इरकल काय दूधवाल्यासाठी नेसले होते?"