तुडुमाची राखण

आता माझीच फजिती माझ्याच तोंडानं सांगायची, म्हणजे तुम्हाला चहा जरा जास्तच पाजावा लागेल. असो, ऐका.

मी आमच्या गावचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं, ते मी ठरवतो. तलावाच्या पाळीत, म्हणजे मोठ्या बांधात, पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला आम्ही तुडुम म्हणतो. त्यावर लोखंडी चक्र आहे. धान कापून बांध्यांत वाळत पडला की ते चक्र गच्च बंद पाहिजे, नाहीतर साऱ्या गावाचा धान भिजला.

सत्तरी ओलांडली आणि मनानं घेतलं, कोणी येऊन चक्र फिरवलं तर? झाली झोप गायब! डोळा लागला नाही की काळजी, आणि काळजी आली की डोळा लागत नाही. सारा गाव गाठून सांगत सुटलो, मला झोप नाही म्हणून.

आमगावचे डॉक्टर म्हणाले, "काकाजी, आधी ते सारखं सारखं तुडुम बघणं थांबवा."

थांबवतो कसला! उलट माझी तपासायची पद्धतच वेगळी. चक्र गच्च आहे हे नुसतं बघून पटायचं नाही. मी आधी ते उघडायचो आणि मग नव्यानं आवळायचो.

एका दुपारी जेवून पाळीवर गेलो. चक्र उघडलं. दम लागला म्हणून मोहाच्या झाडाला जरा टेकलो.

उठलो तेव्हा ऊन कललं होतं. काय झोप म्हणता! महिन्यात तशी लागली नव्हती. मग पाण्याचा आवाज आला.

धावत चक्र आवळलं. तुडुमाखालची पहिली बांधी माझीच. खाली पाहतो तर माझा सगळा कापलेला धान पाण्यात. शेजारच्या बांधीचा देवराम धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, उभा राहून शांतपणे बघत होता.

"अरे, तुले दिसत नव्हतं का? काऊन बंद नाही केला?"

"दिसून राहिलं होतं ना. पण तुमीच तिथं बसले होते. म्हटलं, काकाजीनं काही विचार करूनच सोडलं असन."

"मी झोपलो होतो!"

देवराम माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी? अन् झोपले? साऱ्या गावाले तर सांगता, मले झोपच येत नाही म्हून."

तेवढ्यात बायको आली. लुगडं खोचून पाण्यात उतरली, भिजलेला धान उचलून धुऱ्यावर टाकू लागली. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"किती वेळ झोपले?"

"तीनेक तास."

"चांगलं झालं," ती म्हणाली. "आता इकडं या अन् उचला."

खरं सांगतो, मला रडूच आलं.

त्या दिवसापासून तुडुम देवराम बघतो आणि मी रात्रभर झोपतो. पण एक गोष्ट अजून टोचते. कोणी येऊन चक्र फिरवेल म्हणून मी महिनाभर जागलो. शेवटी आला तो. तो मीच होतो, आणि त्याला पकडायच्या वेळी मी झोपलो होतो.