तीन वह्या आणि मामांची दोन बोटं

डाव्या हाताचं बोट एका वहीवर, उजव्याचं दुसऱ्या वहीवर, आणि दोन्ही एकाच वेगाने खाली सरकणार. एखाद्या ओळीवर बोट अडलं की मामा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "सर, ह्ये आन् ह्ये येकच हाय का?"

जुन्नरजवळच्या आमच्या कॉलेजात मी संगणक शिकवतो. मामा म्हणजे आमचे शिपाई; प्रयोगशाळा तेच सांभाळायचे. मुलांनी ऑपरेटिंग सिस्टीम मूळ कोडपासून स्वतः बांधावी म्हणून मी तीन मार्गदर्शिका लिहिल्या: जुन्या संगणकांसाठी, नव्यांसाठी आणि सर्व्हरसाठी. मामा त्यांना वह्या म्हणत. लिहिल्या म्हणजे, एक लिहिली आणि दोन कॉपी-पेस्ट केल्या. घरी मात्र तीन पुस्तकांचा लेखक म्हणून वावरलो.

चूक सापडली की मी एका वहीत सुधारून चहाला जायचो. उरलेल्या दोघींत ती सुखाने नांदायची.

"गावाकडं, मढला, आमी तिघं भाऊ," मामा एकदा म्हणाले. "भाताचं रोप येकाच जागी टाकतो, मग ज्याच्या त्याच्या खाचरात लावतो. तीनदा कोण टाकतंय?"

मला पटलं. सामाईक मजकुराची एकच वही केली, वेगळं तेवढं वेगळं ठेवलं. पण कापाकापीचा उत्साह असा, की नवी सिस्टीम टाकण्याआधी कोणती डिस्क पुसायची ती ओळही सामाईक करून बसलो.

सर्व्हरवर शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प होते. परवा जमा करायचे. प्रती काढण्याची एवढी हौस असलेल्या मी त्यांची मात्र दुसरी प्रत काढली नव्हती. नव्या वहीत बघून डिस्क पुसायची आज्ञा टाइप केली, बोट एंटरवर नेलं.

"थांबा सर." मामांच्या मांडीवर सर्व्हरची जुनी वही होती. "हितं दुसरी डिस्क लिवलीय. तुमच्या नव्यात पैली."

पहिल्या डिस्कवरच प्रकल्प होते. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"सारखं दिसतंय म्हून येक नस्तंय, राव," मामा हळूच म्हणाले आणि चहा सांगायला गेले. तो येईपर्यंत मी प्रकल्पांच्या प्रती काढल्या. दोन. ती ओळ ज्या-त्या वहीत परत गेली.

मागच्या वर्षी मामा निवृत्त झाले. शाल-नारळ झाल्यावर त्यांनी जुन्या वह्या मागितल्या.

"चुलीला?"

"छ्या. नातीला चित्रं काढाया. मागनं कोऱ्या हायेत."

माझ्या सगळ्या चुका, तीन-तीन प्रतींत, मोटरसायकलला बांधून मढच्या रस्त्याला लागल्या. फार हलकं वाटलं. मग आत येऊन सर्व्हरपुढे बसलो, आज्ञा टाइप केली, आणि कुणीतरी काही म्हणेल म्हणून उगाच थांबून राहिलो.