जवळा नरम पडला की डावा कान बसतो

मंडळी, मी मीरा रोडला घरीच जुने हेडफोन दुरुस्त करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथल्याच समुद्रकाठच्या डोंगरी गावातल्या पास्कू काकांचा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन माझ्याकडे दोनदा आला. त्यात दोन जाळ्यांच्या मधे केसाहून पातळ फिल्म असते आणि विजेच्या भारामुळे ती हलून आवाज काढते. काकांची तक्रार एकच: डावी बाजू हळू वाजते. माझ्याकडे मात्र दोन्ही बाजू ठणठणीत! खरं सांगतो, मला वाटलं काकांचाच कान गेलाय.

आज शेवटी बसने त्यांच्या घरी गेलो. हेडफोन लावला तर खरंच डावी बाजू बसलेली. मी केबल तपासतोय, प्लग काढून लावतोय. अंगणात वाळवलेला जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, डब्यात भरता भरता काकू म्हणाल्या, "वारा ओला झाला, जवळा नरम पडला, की याचा डावा कान बसतो. रोजचंच हाय."

मी जागीच थांबलो. दमट हवेत डाव्या फिल्मवरचा भार गळत होता! माझ्या खोलीत एसी चालू, मग तिथे बिघाड दिसणार कसा?

म्हटलं, "काका, ऐकून झालं की हवाबंद डब्यात ठेवा."

काकांनी काकूंच्या डब्याकडे पाहिलं. काकूंनी झाकण घट्ट दाबलं. "न्हाय हां! माझ्या जवळ्याला तुझ्या कानाचा वास लागंल."

आता सांगा, तुमच्या घरात असं कोण आहे, ज्याला सगळं आधीच माहीत होतं, पण तुम्ही विचारलंच नाही?