खळीने चिकटवलेलं जहाज

बिमलदांचा फोन आला तेव्हा मी कोलकात्याच्या सेक्टर फाइव्ह भागातल्या ऑफिसात होते. "नाना नहीं रहे," एवढंच ते बोलले. आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? नाना आणि बिमलदांचा अबोला शेवटी सुटला होता का... अशा वेळी मन भलतीकडे का धावतं, कळत नाही.

बँकेतल्या बदलीने कोलकात्यात आलेले नाना निवृत्तीनंतर तिथेच, बेहाला भागात राहिले. आमची ओळख सियालदहजवळच्या एका रद्दीवाल्यापाशी झाली. जुन्या काडेपेट्यांवरचे छाप जमवायचा मला नाद. फोनवर आईला मी जवळजवळ ओरडूनच सांगत होते, "अगं, वाघ मिळाला!" तर मागून आवाज आला, "वाघ माझ्याकडे दोन आहेत. हत्ती असेल तर बोला."

तेव्हापासून दर रविवारी त्यांच्याकडे आमची बैठक. नाना, मी आणि शेजारचे निवृत्त शिक्षक बिमलदा. नानांच्या पत्नी सुधाकाकूंचा चिवडा, चहा आणि छापांची अदलाबदल. "भाव विचारेल त्याला चहा नाही," हा नानांचा दंडक. पण हळूहळू मोबाइलवर ग्रुप निघाले, लिलाव सुरू झाले. छाप हातात घेतला की त्यावरचं चित्र दिसण्याआधी त्याची किंमत दिसायला लागली. नानांनी हौसेने भेट दिलेला जहाजाचा छाप बिमलदांनी अशाच एका ग्रुपवर विकला. नाना भांडले नाहीत. बिमलदाच यायचे थांबले. लाजेने की रागाने, कोण जाणे.

त्यानंतर नानांनी जे केलं, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तेच जहाज त्यांनी परत विकत घेतलं. भावाचं नाव काढू न देणाऱ्या माणसाने! आणि मग आपल्या साऱ्या दुर्मिळ छापांसकट ते चित्रकलेच्या वहीत खळीने पक्कं चिकटवून टाकलं.

"नाना, अहो, आता यांना बाजारात कोणी विचारणारसुद्धा नाही!"

"तेच तर," ते हसले. मग वहीकडे बघत राहिले... "चुकलं का गं माझं?"

 चुकलंच, असं मला वाटत होतं, आणि नाहीही.

गेल्या रविवारी सुधाकाकूंनी आम्हा दोघांना बोलावलं. एक व्यापारी येऊन, वही चाळून, तोंड वाकडं करून गेला होता म्हणे. बिमलदा एकेक पान उलटत होते. जहाज दिसलं तसा त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"तुम्हाला आठवण म्हणून एकेक काढून देऊ?" काकूंनी मला विचारलं आणि जहाजाच्या कोपऱ्याला नख लावलं. कागद फाटायला लागला.

बिमलदांना मराठी येत नाही, पण त्यांनी झटकन काकूंचा हात धरला. "थाक, बौदी." राहू द्या, वहिनी, एवढंच त्यांना म्हणायचं असावं.

काकूंनी वही मिटली. दोघांकडे आळीपाळीने बघत त्या हिंदीत म्हणाल्या, "मग बघायला इथेच यावं लागेल तुम्हाला. पुढच्या रविवारी चहा किती वाजता टाकू?"