बापाची ओटी

हडपसरच्या आमच्या कारखान्यात, भर मीटिंगमध्ये, साहेबांनी माझी ओटी भरली.

मला खुर्चीत बसवलं. मांडीवर नारळ, खण, ओंजळभर गहू. कुणीतरी डोक्यात गजराही खोचला. केस मोजकेच उरलेत, तो ठरेना, कानावर लोंबत राहिला. सगळे मोबाइल धरून उभे. मीही हसत होतो. सवय असते.

गुन्हा एवढाच, की चाळिशी उलटल्यावर मी बाप होणार होतो आणि बापासाठीची पगारी रजा मागितली होती. ती भिंतीवरच्या रंगीत फलकावर होती. मागितली मात्र कुणी नव्हती. फलक नुसता वाचायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

बायकोचं सिझेरियन ठरलेलं. तिला आई नाही. माझी आई वर्ध्याला, गुडघ्यांनी जेरीस आलेली. मी घरी नसलो तर टाके घातलेल्या बाईनं एकटीनं उठायचं, बाळ उचलायचं, पाणी तापवायचं.

साहेब शनिवार पेठेतले. आवाज कधी चढवत नाहीत. ओटी भरता भरता म्हणाले, "आमच्याकडे हे बायका बघतात. तुमच्यात पुरुष बाळंत होतात वाटतं?"

तुमच्यात. हा शब्द मी शाळेपासून ओळखतो. आडनाव सांगितलं की पाठोपाठ येतो. तो आला आणि माझं हसू तिथंच थांबलं.

नारळ सांभाळत म्हणालो, "साहेब, ओटी भरलीत. आता रीतीप्रमाणे डोहाळे विचारा."

"बरं. विचारले समजा."

"रजेवर सही. आत्ताच. हे लोक शूटिंग करतायत तोवर."

अर्ज खिशातच होता. काढून पुढे धरला. मोबाइल चालूच. साहेबांनी सही केली. मी लगेच तिचा फोटो काढून ठेवला. साहेबांवर माझा विश्वास आहे, पण शाई वाळेपर्यंतच. मग गजरा तसाच ठेवून अख्ख्या मशीन शॉपमधून मिरवत बाहेर पडलो.

रजेत लेकीला पायांवर घेऊन अंघोळ घालायला शिकलो. बायकोचे टाके नीट भरले. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, ही तुमच्याकडेच लवकर झोपते. मला हेवा वाटायला हवा, पण झोपच येते."

परत आलो, तर साहेब एकदम गोड. "आपला लेकीसोबतचा फोटो द्या. फलकावर लावू."

गोडाचा मला संशय येतो. एवढं कौतुक काय झाकायला?

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या दत्तालाही नुकताच मुलगा झालेला. त्याला विचारलं, बाळ कुणासारखं दिसतं?

"उजेडात बघितलंय कुठं, दादा? आम्ही ठेक्यावर. आम्हाला कसली रजा?"

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "फोटो मिळणार नाही. आधी दत्ताला रजा द्या."

"अहो, तो आपला माणूस नाही. ठेकेदाराचा आहे."

"त्याच्या पोराचा बाप ठेकेदार नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. "बढत्या व्हायच्यात. जरा विचार करा."

केला. बढती राहू दे. आता दर मीटिंगला पहिला हात माझा वर जाणार आणि मी दत्ताच्या रजेचं विचारणार. मीटिंगला बोलावलं नाही, तर दारात उभा राहून विचारणार. कामावरून काढलं, तर गेटवर.