उजेडाच्या पुढे धावणारे बडे बाबू

भरवेलीच्या खाणीचा भोंगा वाजला तेव्हा अर्धी वाट सरली होती, आणि नीळकंठरावांचा उजेड अजून सूर्यावरून निघून पृथ्वीवर पोचायचा होता.

"आठ मिनिटं लागतात वहिनी, आठ! म्हणजे आपुन आता जो सूर्य पाहून राह्यलो, तो आठ मिनिटांआधीचा."

"हौ का," म्हणत सुनंदाने रस्त्यावरची खडी चुकवली.

अष्टमीला बालाघाटहून भरवेलीपलीकडच्या देवीला अनवाणी जायचा तिचा जुना नेम. बरोबरच्या बाया भजन म्हणत पुढे निघून गेल्या होत्या. यंदा पहाटे तिने फाटक उघडलं, तर शेजारचे नीळकंठराव बुटांच्या नाड्या आवळून उभे. "मी पण येतो," म्हणाले. कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी ज्याला स्कूटर लागते, तो माणूस देवीला पायी निघाला. याच्या पोटात काय आहे ते सांगायला ज्योतिषी नको होता. उद्या देवश्री येणार होती.

देवश्री त्यांची एकुलती एक लेक, नागपूरला असते. गेल्या महिन्यात तिच्या छातीत कळ आली म्हणून डॉक्टरकडे गेली. त्याने विचारलं, आई कशाने गेली? एकाएकी गेली, की आधी काही दुखत होतं? पोरीला सांगता येईना. वडलांना विचारलं तर ते म्हणाले, "हसत हसत गेली तुझी आई." मग तिने सुनंदाला फोन लावला. "काकू, त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात होत्या ना?" सुनंदाला बोलताना रडू आलं. "ये तू, समोर बसून सांगते," एवढंच ती म्हणू शकली.

आणि आता हा माणूस तिला सूर्य समजावून सांगत होता.

नीळकंठराव एका सरकारी कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले. फाईल आपल्या टेबलावर राहू द्यायची नाही आणि पुढच्या टेबलावर पोचूही द्यायची नाही, ही विद्या त्यांना साधली होती. घरी त्यांना चहा मागावा लागत नसे. पेपर जरा खाली केला की समोर कप असायचा. कप ठेवणारी बाई दिसायला पेपर आणखी चार बोटं खाली करावा लागला असता, तेवढे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. ती बाई, कुमुद, गेली. त्यानंतर पेपर बंद झाला आणि मोबाईल आला. दिवसभर हिंदीतले विज्ञानाचे व्हिडिओ. मंडळाच्या गणपतीत तर त्यांनी प्रकाशाच्या वेगावर असं भाषण ठोकलं, की लोकांनी आरतीआधीच प्रसाद मागितला.

"आता ऐका," नीळकंठराव धापा टाकत म्हणाले. "आपल्या आंगणातून निघालेला उजेड अजून धावून राह्यला. वीस वर्षांआधीचा, चाळीस वर्षांआधीचा, सारा. कोणी त्याच्या पुढे निघून गेला अन् मागे वळून पाह्यलं, तर त्याले तेव्हाचं आंगण दिसन. मेलेली माणसं चालताना दिसतीन! मी मले दिसन!"

"मंग जा की."

"जाता येत नाई ना! उजेडाच्या पुढे काहीच जाऊ शकत नाई. नियमच आहे तसा. तुमच्या मराठी शाळेत नसन शिकवलं."

"आमच्या मराठी शाळेत समोरच्या माणसाकडे पाहाले शिकवत होते, भाऊजी. मागचं पाहाची गरज पडत नव्हती."

नीळकंठराव हसले. टोमणा आपल्याला लागलाच नाही असं दाखवायची सवय त्यांना नोकरीत जडली होती.

"पण समजा जाता आलं," सुनंदाने विचारलं, "तर काय पाह्यलं असतं?"

त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. लालबर्‍याची पहिली पोस्टिंग, तेव्हा केस किती दाट होते. निरोप समारंभ, साहेबांनी स्वतः शाल घातली होती. तुमसरहून निघालेली आपली वरात.

"अन् कुमुदले?"

"हौ हौ, तिले तर पाहाचंच आहे."

शालीनंतर आणि वरातीनंतर कुमुदचा नंबर लागला. तोही विचारलं म्हणून.

"अन् सात वर्षांआधीच्या महालक्ष्म्या? त्या पाहाच्या आहेत का?"

खाणीची पाळी सुटली होती. मोटरसायकलींची रांगच्या रांग धूळ उडवत बाजूने गेली. ती गेल्यावरही नीळकंठराव रुमालाने तोंडावरची धूळ पुसत राहिले.

त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या गावात नावाजलेल्या. सोळा भाज्या, अंबील, पुरण, सारं कुमुद एकटी सोवळ्यात रांधायची. त्या वर्षी पंगतीला साहेब येणार होते. सुनंदा मदतीला होती, पण चुलीजवळ जायचं नाही, बाहेरून हात द्यायचा. दुपारी कुमुद भिंतीला टेकली. चेहरा घामाने थबथबलेला. नीळकंठराव दारात येऊन "किती वेळ?" विचारत होते, त्यांना ती म्हणाली, "अहो, छातीत दुखून राह्यलं. डावा हात उचलत नाई."

सुनंदा तिला धरायला उठली. "भाऊजी, दवाखान्यात न्या हिले."

"शिवू नका!" नीळकंठराव दबक्या आवाजात ओरडले. "सोवळं मोडलं तर सारं पुन्हा रांधा लागन. नैवेद्य व्हायचा आहे, साहेब पाटावर बसले आहेत. पंगत उठू द्या, मंग पाहू. गॅस असन."

सुनंदाने त्यांचं ऐकलं नाही. मागच्या दाराने धावत घरी गेली, नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. सणाच्या दिवशी रिक्षा मिळता मिळता तास गेला; ती परत आली तेव्हा पंगत उठली होती आणि कुमुद पुरणाच्या पातेल्याशेजारी आडवी झाली होती. साहेब दक्षिणा घेऊन, "बहुत अच्छा भोजन था," म्हणत निघून गेले होते.

तेराव्याला नीळकंठराव सगळ्यांना सांगत होते, सवाष्ण गेली, महालक्ष्मीच्या दिवशी गेली, हसत हसत गेली, भाग्यवान. लोकांनीही माना डोलावल्या. अशी गोष्ट ऐकायला सगळ्यांनाच बरी वाटते. जी लक्ष्मी घरात उभी होती तिला उपाशी ठेवून मुखवट्यांना जेवू घातलं, हे सुनंदाने कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नव्हतं. आता पोरीने विचारलं होतं.

"काहून बोलत नाई, भाऊजी? सात वर्षांआधीचा उजेड तर लय दूर गेला असन."

"तो नाई जात," नीळकंठराव घाईने म्हणाले. "आंगणातला जाते. स्वयंपाकघरावर कवेलूचं छप्पर होतं ना आपल्या. कवेलूखालचा उजेड बाहेर पडतच नाई, भिंतीतच जिरते. मी पुरा विचार केला आहे त्याचा. कोणी कितीही जोरात गेलं, तरी त्याले ते दिसू शकत नाई."

हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. चौकशीची फाईल गहाळ झाली की बाबूचा खुलतो तसा. सुनंदा चालायची थांबली. सात वर्षं हा माणूस रात्रंदिवस मोबाईलला डोळे लावून बसला होता, ते कुमुदला पाहायला नव्हतंच. आपल्याला कोणी पाहू शकेल का, एवढीच त्याला खात्री करून घ्यायची होती.

देवीला कवेलू आडवे येत नाहीत, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण या माणसापुढे देवीचं नाव काढायला तिचं मन धजेना.

नीळकंठराव रस्त्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर बसले. डावा बूट काढून झटकला, पुन्हा घातला.

"वहिनी, देवश्री तुमचं मानते."

"तिच्या छातीत कळ येऊन राह्यली, भाऊजी. डॉक्टरनं विचारलं आहे. काही गंमत नाई ही."

"डॉक्टर मशीनवर पाहून घेते सारं. त्याले आपल्या घरच्या गोष्टी काहून पाह्यजेत?" ते इकडेतिकडे बघत म्हणाले. मग आवाज उतरला. "वहिनी, तिले एवढंच सांगजा, का कुमुद काहीच बोलली नव्हती. चांगली होती, हसत होती, अन् एकदम गेली. एवढंच. अन् मी घरी नसताना सांगजा. मी तेवढ्या वेळ बाजारात जाऊन येईन."